तीन वाजल्यानंतरचा नाच

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात तीन महिने राहिलो होतो. खोलीच्या खिडकीतून समोरची प्राथमिक शाळा दिसायची. दुपारी तीनला ती सुटायची. भारतातली टीम तेव्हा गाढ झोपलेली असे, म्हणून त्या वेळेला मीटिंग नसायची. मी चहाचा मग घेऊन खिडकीत उभा राहायचो. बहुतेक मुलं पालकांच्या गाड्यांत बसून निघून जायची. आठवड्यातून दोन दिवस मात्र वीस-पंचवीस मुलं मागे थांबायची. जेवणाच्या हॉलमधली टेबलं भिंतीला लागायची, जमिनीवर प्लायवूडचे तक्ते पसरले जायचे, आणि थोड्या वेळाने पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा आवाज सुरू व्हायचा.

आवाज बुटांचा होता. मेक्सिकन लोकनृत्याच्या बुटांना टाचेखाली आणि चवड्याखाली बारीक खिळे ठोकलेले असतात. खिळ्यांनी शाळेची गुळगुळीत जमीन खराब होईल, म्हणून खाली प्लायवूड. मुलं सहा ते दहा वर्षांची. मुलींनी शाळेच्या कपड्यांवरच सरावाचे घोळदार घागरे चढवलेले, मुलांनी हात पाठीमागे धरलेले. टाच, चवडा, टाच, चवडा. या पदन्यासाला स्पॅनिशमध्ये 'सापातेआदो' म्हणतात; 'सापातो' म्हणजे बूट.

वर्षाच्या शेवटी त्यांचा कार्यक्रम झाला. सगळ्यांना खुला होता, म्हणून मीही गेलो. निवेदन करणाऱ्या बाई म्हणाल्या, हा आमच्या पूर्वजांचा शेकडो वर्षांचा वारसा आहे. माझ्या शेजारच्या आजी डोळे पुसत होत्या.

कुठलाही कोड हातात आला की ही ओळ कुणी लिहिली, केव्हा लिहिली आणि का लिहिली, हे आधी बघायची सवय मला नोकरीने लावली आहे. त्या रात्री तीच सवय या नाचाला लावली. वाटलं होतं, धागा कुठल्यातरी डोंगरातल्या गावात, एखाद्या जत्रेत जाऊन थांबेल. तसा तो काही अंशी थांबतोही. पण मुलं ज्या रूपात तो नाच नाचत होती, ते रूप जिथे घडलं ती जागा निघाली शाळा.

बंदीपासून बॅलेपर्यंत

मेक्सिकोच्या सगळ्यात प्रसिद्ध नाचाचं नाव 'हाराबे तापातीओ'. 'तापातीओ' म्हणजे ग्वादालाहारा शहराचा. 'हाराबे' म्हणजे साखरेचा पाक. हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये गेला. ज्या अरबी धातूतून तो आला, त्याच धातूतून आपलं 'सरबत' आलं. अनेक चाली एकत्र घोटून केलेलं मिश्रण, असा त्याचा अर्थ घ्यायचा. नाचाची गोष्टही सोपी. तो तिची मनधरणी करतो, ती टाळते, तो टोपी जमिनीवर टाकतो, दोघं टोपीभोवती नाचतात, शेवटी ती टोपी उचलते.

स्पॅनिश राजवटीला अशा नाचांमध्ये अश्लीलता दिसायची. १८०२ साली मेक्सिकोच्या व्हाइसरॉयने 'हाराबे गातुनो' या प्रकारावर बंदी घातली. पुढे १८१० ते १८२१ स्वातंत्र्ययुद्ध झालं आणि बंदी घातलेल्या नाचांना आपसूक देशभक्तीचा रंग चढला. तरीही शंभर वर्षं शहरातल्या प्रतिष्ठित घरांना तो नाच खालच्या वस्तीचाच वाटत राहिला.

१९१९ मध्ये रशियन बॅले नर्तिका अॅना पाव्हलोव्हा मेक्सिकोत आली. तिने मेक्सिकन नाचांवर बेतलेला एक बॅले बसवला आणि हाराबे चक्क पायाच्या अंगठ्यांच्या टोकांवर नाचली. जगातली सर्वात मोठी नर्तिका आपल्या बाजारातला नाच नाचते आहे, हे बघून प्रतिष्ठितांचं मत बदललं. याच पाव्हलोव्हाने चार वर्षांनी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या उदय शंकरला सोबत घेऊन लंडनमध्ये राधा-कृष्णाचं नृत्य केलं. आपल्या गोष्टीला बाहेरच्याने हात लावला की मग ती आपल्याला सुंदर दिसते, हा अनुभव दोन्ही देशांच्या वाट्याला जवळपास एकाच वेळी, एकाच बाईकडून आला.

क्रांतीनंतरचा तास

१९१० ते १९२० हे दशक मेक्सिकोत क्रांतीचं आणि यादवीचं होतं. लढाया थांबल्या तेव्हा नव्या सरकारपुढे प्रश्न होता: हा देश नक्की कुणाचा? डझनावारी भाषा, डोंगरांनी तुटलेली गावं, आणि अक्षरओळख नसलेली बहुसंख्य जनता. १९२१ मध्ये सार्वजनिक शिक्षण मंत्रालय स्थापन झालं. पहिले मंत्री होसे वास्कोन्सेलोस. त्यांनी चित्रकारांना सरकारी भिंती दिल्या, स्वस्तात पुस्तकं छापली आणि १९२३ पासून खेड्यांत 'सांस्कृतिक मोहिमा' पाठवल्या.

मोहिमेत शिक्षकांचा एक फिरता गट असायचा. कुणी शेती शिकवणारा, कुणी साबण करायला, कुणी कातडी कमवायला. त्यांच्याबरोबर संगीताचा आणि शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. हे शिक्षक गावात जे शिकवायचं ते शिकवत, आणि गावाकडून नाच आणि गाणी टिपून घेत. टिपलेले नाच मोजमापात बसवले गेले: आठ मात्रा उजवीकडे, आठ डावीकडे, मग गिरकी. जत्रेत दोन तास चालणारा नाच चार मिनिटांचा झाला. आता तो वर्गात शिकवता येत होता, आणि दुसऱ्या टोकाच्या राज्यातल्या मुलालाही शिकवता येत होता. हाराबे तापातीओ तर देशभरच्या शाळांत पोचला. १९२४ मध्ये मेक्सिको शहरात नवं राष्ट्रीय स्टेडियम उघडलं, तेव्हा तिथे जोड्यांचे थवे हाराबे नाचले.

ज्यांनी शाळेत पीटीच्या तासाला लेझीम केली आहे, त्यांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही. नाच जत्रेतला असतो, रांग मात्र शाळेची असते.

त्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंती दिएगो रिव्हेराने रंगवल्या. एका चौकाच्या भिंतींवर सण आणि नाच आहेत. आणि याच इमारतीतल्या 'आमची भाकरी' या चित्रात, टेबलापाशी भाकरी वाटणारा एक माणूस आहे, तो आपल्या वर्ध्याचा. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज मागावर असताना देशोदेशी फिरत ते १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेती-शाळा काढल्या. शाळेतून देश घडवता येतो, यावर त्या दशकात मेक्सिकोचा असा काही विश्वास होता की, एक मराठी माणूसही त्या कामाला लागला आणि भिंतीवर जाऊन बसला.

पण या विश्वासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या शाळा नावाट्ल, माया, पुरेपेचा बोलणाऱ्या गावांचे नाच गोळा करत होत्या, त्याच शाळा तिथल्या मुलांना स्पॅनिशमध्ये आणत होत्या. नाच राष्ट्राचा झाला. भाषा मागास ठरली. शाळेला नाच नेहमीच सोयीचा पडतो, कारण तो भाषेवाचून उचलता येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

घागरा आणि एक गुलाम मुलगी

हाराबे नाचणाऱ्या मुलीच्या पोशाखाला 'चीना पोब्लाना' म्हणतात: पांढरा पोलका, टिकल्या लावलेला लाल घागरा, खांद्यावर शाल. शब्दशः अर्थ 'पुएब्ला शहरातली चिनी बाई'. या नावामागे जी बाई सांगतात, ती चिनी नव्हती. ती भारतातली होती.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भारताच्या किनाऱ्यावरून एका लहान मुलीला पोर्तुगीजांनी पळवलं. कोचीनमार्गे ती मनिलाला गेली, तिथल्या जहाजातून मेक्सिकोच्या आकापुल्कोला, आणि पुएब्लामध्ये विकली गेली. घरचं नाव मिर्रा सांगतात, बाप्तिस्म्याचं नाव कातारीना दे सान हुआन. मनिलाच्या जहाजातून आलेल्या कुठल्याही आशियाई माणसाला तिथे 'चीनो' म्हणत, म्हणून ती 'चीना'. ती साधुवृत्तीची म्हणून गाजली, १६८८ मध्ये वारली. तिच्या पाद्र्याने तीन खंडांचं चरित्र लिहिलं. धर्मन्यायालयाने त्यावर बंदी घातली.

इतिहासकार सांगतात की पोशाखाचा आणि तिचा संबंध नाही. तो पोशाख पुढच्या काळातल्या कष्टकरी बायकांचा आहे, आणि दोन गोष्टी नंतर एकमेकींना जोडल्या गेल्या. म्हणजे घागरा तिचा नाही. पण विकल्या गेलेल्या एका मुलीची आठवण ठेवायला त्या देशाला दुसरी जागा सापडली नसावी. सॅन होजेच्या हॉलमध्ये सात वर्षांची मुलगी घागऱ्याची टोकं धरून हात वर नेते तेव्हा नावापुरती का होईना, तीही तिथे असते.

सीमेपलीकडची शाळा

शाळांनी पसरवलेल्या नाचाला भव्य रंगमंचावर नेलं अमालिया एर्नांदेस यांनी. १९५२ मध्ये आठ नर्तक घेऊन त्यांनी गट सुरू केला. स्वतः बॅले आणि आधुनिक नृत्य शिकलेल्या. त्यांनी एकेका प्रदेशाचा एकेक प्रवेश बांधला: वेराक्रूसचे पांढरे झगे, हालिस्कोचे रंगीत फेर, मिचोआकानचे 'म्हातारे', सोनोराचं हरीण. १९५९ मध्ये त्यांचा 'बाले फोल्क्लोरिको दे मेहिको' शिकागोच्या पॅन-अमेरिकन खेळांत नाचला आणि त्याच वर्षापासून मेक्सिको शहराच्या 'पालासिओ दे बेयास आर्तेस'मध्ये त्याचे प्रयोग सुरू झाले. आज शाळेतली मुलं जो क्रम शिकतात, त्यावर या बाईची छाप आहे.

आता सीमेच्या उत्तरेला येऊ. १८४८ पर्यंत कॅलिफोर्निया मेक्सिकोचाच भाग होता. युद्ध हरल्यावर तहाने तो अमेरिकेकडे गेला. कित्येक कुटुंबं जागची हलली नाहीत, सीमाच त्यांच्यावरून सरकली. पुढे शेतांत आणि रेल्वेवर कामाला आणखी लोक आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये त्यांच्या मुलांसाठी वेगळ्या 'मेक्सिकन शाळा' होत्या. इमारती जुन्या, पुस्तकं गोऱ्या शाळांनी टाकून दिलेली.

१९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टर गावी एक आत्या आपली मुलं आणि भावाची मुलं घेऊन शाळेत नाव घालायला गेली. तिची मुलं गोरी आणि फ्रेंच वाटणाऱ्या आडनावाची, त्यांना प्रवेश मिळाला. भावाची मुलं सावळी, आडनाव मेंडेझ. त्यांना मेक्सिकन शाळेत जायला सांगितलं. तीही आपली मुलं घेऊन परत फिरली. गोन्झालो आणि फेलिसितास मेंडेझ यांनी इतर कुटुंबांसोबत खटला भरला. १९४६ मध्ये ते जिंकले, १९४७ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल कायम केला. संपूर्ण देशातल्या शाळांमधलं वर्णविभाजन बेकायदा ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल त्यानंतर सात वर्षांनी आला.

त्याच १९५४ साली टेक्ससमधल्या मार्फा गावच्या ब्लॅकवेल शाळेत एक समारंभ झाला. ही मेक्सिकन मुलांची शाळा. शिक्षकांनी मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहायला लावले, चिठ्ठ्या एका पेटीत घातल्या आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून पेटी पुरली. 'मिस्टर स्पॅनिश'ची अंत्ययात्रा. त्यानंतर आवारात स्पॅनिश बोललं तर शिक्षा होती. २००७ मध्ये त्या शाळेचे म्हातारे झालेले विद्यार्थी परत जमले आणि त्यांनी प्रतीक म्हणून एक स्पॅनिश शब्दकोश जमिनीतून वर काढला. आता ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

सॅन होजेच्या त्या हॉलमध्ये, शाळेच्याच आवारात, शाळेच्याच परवानगीने स्पॅनिशमधून मात्रा मोजल्या जाताना ऐकल्या होत्या. त्यांचा अर्थ मला मार्फाच्या या खड्ड्यानंतर कळला.

नाच परत आणणारे

परवानगी आपोआप आली नाही. १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांचा संप सुरू झाला. त्या मजुरांचे पुढारी सेझर चावेझ पूर्वी याच सॅन होजेच्या पूर्व भागात राहायचे आणि तिथेच संघटनेचं काम शिकले. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कुलांतले हजारो विद्यार्थी वर्गांतून बाहेर पडले. आमचा इतिहास शिकवा, दोन भाषांत शिकवा, स्पॅनिश बोललो म्हणून शिक्षा करू नका, अशा त्यांच्या मागण्या होत्या. स्वतःला अभिमानाने 'चिकानो' म्हणवणाऱ्या या पिढीला आपलं म्हणावं असं काहीतरी हवं होतं. अनेकांना स्पॅनिश धड येत नव्हतं; आईवडिलांनी मार चुकावा म्हणून मुद्दाम शिकवलं नव्हतं. भाषा हातची गेली होती. नाच शिकता येत होता.

१९६९ मध्ये सॅन होजेमध्ये 'लॉस लुपेन्योस' हा नृत्यगट सुरू झाला. संस्थापक दोघं: रामोन मोरोनेस आणि सुझन कॅशन. कॅशन पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात नृत्य शिकवत. कॅलिफोर्निया, टेक्सस, अॅरिझोनात असे गट उभे राहिले. त्यांतले लोक सुट्टीत मेक्सिकोत जाऊन शिकून येत आणि परतल्यावर चर्चच्या हॉलमध्ये, कॉलेजात आणि शाळा सुटल्यावर शाळेत शिकवत. मेक्सिकोच्या शाळांनी गावांकडून घेतलेला नाच अशा रीतीने अमेरिकेच्या शाळेत आला.

'शाळा सुटल्यावर' या दोन शब्दांत बरंच काही दडलं आहे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता कर गोठवणारा 'प्रोपोझिशन १३' मंजूर केला. शाळांचे पैसे आटले आणि संगीत, चित्रकला, नाच यांवर आधी कुऱ्हाड पडली. १९९४ मध्ये कागदपत्रं नसलेल्यांच्या मुलांना शाळेबाहेर काढणारा प्रस्ताव मतदारांनी पास केला. न्यायालयाने तो थांबवला. १९९८ मध्ये द्वैभाषिक शिक्षणावर कडक बंधनं आली, ती २०१६ मध्ये उठली. या गदारोळातच २००२ साली 'प्रोपोझिशन ४९' आला: शाळेनंतरच्या उपक्रमांना सरकारी पैसा. प्रचाराचा चेहरा अर्नोल्ड श्वार्झनेगर, जो स्वतः ऑस्ट्रियातून आलेला. त्या कायद्यानुसार उपक्रम संध्याकाळी सहापर्यंत चालवायचा आणि त्याचे दोन भाग करायचे. एक अभ्यासाचा, दुसरा आवडीनिवडीचा. नाच दुसऱ्या भागात बसतो.

म्हणजे नाचाला जागा मिळाली, पण घंटेनंतर. घंटेआधी काय शिकवायचं यावर भांडण चालूच राहिलं. शेजारच्या अॅरिझोनात २०१० मध्ये एक कायदा झाला आणि टूसॉन शहराच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम त्यामुळे बंद पडला. २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने, यामागे वंशद्वेष होता, असं स्पष्ट सांगितलं. मला यात एक जुना हिशेब दिसतो. इतिहासाच्या तासाची भीती वाटते, नाचाची वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या शाळेने पुरेपेचा गावाचा नाच घेतला आणि भाषा दाराबाहेर ठेवली, तसंच काहीसं हे.

मग हा नाच म्हणजे नुसती समजूत काढणं आहे का? काही दिवस मला तसंच वाटत होतं. पण कार्यक्रमातला एक प्रसंग मनातून जात नाही. मिचोआकानच्या पुरेपेचा लोकांचा 'म्हाताऱ्यांचा नाच' होता. आठ वर्षांची पोरं सुरकुत्यांचे मुखवटे घालून, काठी टेकत, कंबर धरत, खोकत आली. प्रेक्षक हसले. आणि पुढच्या क्षणी त्या म्हाताऱ्यांनी असा काही ताल धरला की प्लायवूड थरथरलं. मग वेराक्रूसचा 'बांबा': जमिनीवर लांब लाल फीत ठेवायची आणि एका जोडीने नाचता नाचता, हात न लावता, फक्त पायांनी तिची गाठ मारायची. त्यांची गाठ दोनदा सुटली. संगीत संपत आलं. शिकवणाऱ्या बाईंनी ध्वनिमुद्रण पुन्हा मागून सुरू केलं. तिसऱ्या वेळी गाठ बसली, आणि मुलाने दोन टोकं धरून ती वर उचलून दाखवली. त्याला मेक्सिकोचं मंत्रालय ठाऊक नव्हतं, प्रोपोझिशन तर नव्हतंच. गाठ त्याच्या पायांना ठाऊक होती.

कार्यक्रम संपल्यावर टेबलं परत लावायला मी मदत केली. शेजारच्या आजी नातीचे बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत भरत होत्या. त्यांचं इंग्रजी जेमतेम, माझं स्पॅनिश शून्य, म्हणून नात मध्ये उभी राहिली. मी विचारलं, तुम्ही हा नाच कुठे शिकलात? मला वाटलं, उत्तर येईल आईकडून, आजीकडून, गावच्या जत्रेत.

आजी म्हणाल्या, "एन ला एस्कुएला."

नातीने भाषांतर केलं, "शाळेत." मग खांदे उडवून स्वतःच्या वतीने विचारलं, "आणखी कुठे शिकणार?"